नरपती सिवाकोटींचं मत

"मग तुमचं मत मला आहे असं धरू का?" सिनेटर डोरीन हॅस्केट यांनी विचारलं. देउमायाने ते नेपाळीत सासऱ्यांना सांगितलं.

बाई नरपती सिवाकोटींच्या स्वयंपाकघरात, त्यांच्याच खुर्चीवर बसल्या होत्या. तांदळाच्या पिठाची तळलेली गोड सेलरोटी, तीही दुसरी, त्यांनी स्वतः मागून घेतली होती. बाईंना अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाची उमेदवारी हवी होती आणि ती ठरवणारं पहिलं मतदान न्यू हॅम्पशरमध्येच होतं. तिथल्या काँकर्ड गावातली भूतानहून आलेली घरं या म्हाताऱ्याच्या शब्दाबाहेर नाहीत, असं त्यांना किराणा दुकानवाल्या लोकमणीने सांगितलं होतं. तो बाजूलाच हसत उभा होता.

नाही म्हणायला तोंड कसं उघडायचं? या देशाने नरपतींना छप्पर दिलं होतं. इथल्या डॉक्टरने मोतीबिंदू काढला तेव्हा त्यांना नातीचा चेहरा पहिल्यांदा स्वच्छ दिसला. पहिल्या हिवाळ्यात चर्चमधल्या बायका घरातल्या प्रत्येकाच्या मापाचा कोट घेऊन आल्या, बर्फावरून कसं चालायचं ते दाखवून गेल्या. रोज सकाळी देवापुढे दिवा लावताना नरपती या गावाचंही भलं मागत. आणि ही बाई काही वाईट नव्हती. औषधांच्या किमतींबद्दल, मुलगा काम करायचा त्या कारखान्यातल्या पगाराबद्दल ती जे बोलली, ते त्यांना पटलं होतं.

एकच गोष्ट अडत होती. निर्वासितांच्या छावणीत मागे राहिलेल्यांचं काय, असं त्यांनी विचारलं होतं. बाईंनी काही लपवलं नाही. काही वर्षं तरी बाहेरून कोणाला घेणं थांबवावं लागेल, म्हणाल्या. तुमच्यासारखी चांगली माणसं आली आहेत, आधी त्यांचं बस्तान नीट बसू दे. नरपतींची धाकटी बहीण जसमाया अजून नेपाळातल्या छावणीत, बांबूच्या झोपडीत राहत होती.

"काका, हो म्हणा," लोकमणी हळूच नेपाळीत म्हणाला. "आपण पाहुणे इथे. पाहुण्याने पानातल्या अन्नाला नावं ठेवू नयेत."

नरपतींनी सुनेला सांगितलं, माझं मत यांना नाही, असं कळव. देउमाया घुटमळली. बा अजून विचार करताहेत, असं तिने इंग्रजीत गोड करून सांगितलं. पण नागरिकत्वाच्या वर्गात नरपती तेवढं इंग्रजी शिकले होते.

"नो, मॅडम," ते स्वतःच म्हणाले. "माय सिस्टर." त्यापुढचे शब्द त्यांच्याजवळ नव्हते.

लोकमणीचं हसू मावळलं. बाईंनी हातातली रोटी खाली ठेवली आणि देउमायाला सगळं विचारून घेतलं. जसमायाचं ऐकताना त्यांनी मधे तोंड घातलं नाही. मग म्हणाल्या, तुमचं पटत नाही मला, पण तोंडावर सांगितलंत हे बरं केलंत. नरपतींचा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला आणि त्या निघाल्या. लोकमणी मागोमाग गेला. जाताना देउमायाला म्हणाला, म्हाताऱ्याने सगळ्यांच्या वाटेत काटे पेरले.

देउमायाने भांडी आवरली आणि ती बाहेरच्या खोलीत आली. नरपती दारासमोर खुर्ची टाकून बसले होते. अंगात कोट, पायांत बूट, मांडीवर औषधांची पिशवी.

"बा, कुठे निघालात?"

"कुठे नाही. न्यायला आले तर तयार असावं."

मग त्यांनी तिला ते सांगितलं, जे मुलालाही कधी सांगितलं नव्हतं. भूतानचं सरकार नेपाळी बोलणाऱ्यांना देशाबाहेर काढत होतं, तेव्हा त्यांच्या गावात साहेब आले होते. आपखुशीने गाव सोडताय ना, असं प्रत्येकाला विचारत होते. शेजारचा धनवीर नाही म्हणाला. संध्याकाळी जीप आली, धनवीरला घेऊन गेली, तो परत आला नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांनी नरपतींना विचारलं.

"मी हो म्हटलं," नरपती म्हणाले. "हसून म्हणा, म्हणाले. मी हसलोसुद्धा."

इथे तसं होत नाही बा, असं देउमायाने समजावलं. माहीत आहे, ते म्हणाले. पण खुर्चीवरून उठले नाहीत. मग तिनेही एक खुर्ची आणली आणि त्यांच्याशेजारी बसून राहिली.

दिवस मावळायला आला. रस्त्यावर पडलेल्या बर्फावरून एक गाडी करकरत आली आणि दारासमोर थांबली. नरपती उभे राहिले. त्यांनी कोटाचं वरचं बटण लावलं. दारावर थाप पडली.

देउमायाने दार उघडलं. दुपारी सिनेटरबाईंबरोबर आलेली त्यांची मदतनीस दारात उभी होती. एकटीच. थंडीने तिचं नाक लाल झालं होतं. ती आत आली नाही. दारातूनच भराभर काहीतरी बोलली, आणि ते ऐकता ऐकता देउमायाने तोंडावर हात ठेवला.

"काय म्हणते?" नरपतींनी विचारलं.

"म्हणते, मतदानाला अजून अवकाश आहे. मधे एकदा येऊन मॅडमनी तुम्हाला पुन्हा विचारलं, तर चालेल का?"

"चालेल का, असं विचारलं?"

"हो, बा. तुमची परवानगी मागतात."

नरपतींनी तिला ते पुन्हा सांगायला लावलं. मग ते खुर्चीत बसले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

"म्हणावं, जरूर या," ते म्हणाले. "मला अजून एकदा नाही म्हणायचंय."