तेविसावी खुर्ची

ताईच्या भाचीनं वर्तमानपत्र टेबलावर पसरलं, चहाचे कप बाजूला सारले आणि शाळेत हजेरी घेताना लावते तसा आवाज लावला. "चला, पाकिटं फोडा. मध्ये बोलायचं नाही, नंतर रडायचं नाही. लिहिलं ते लिहिलं."

नियम ताईचाच. सिनेमाचे पुरस्कार जाहीर व्हायच्या आठवडाभर आधी भावाबहिणींनी आपापले पाच अंदाज कागदावर उतरवायचे, पाकीट चिकटवायचं आणि निकाल छापून आला की ताडून बघायचं. हारजीत कपाटाच्या दाराच्या आतल्या अंगाला लाल पेन्सिलनं लिहायची. नऊ वर्षांचे आकडे तिथं उभे होते. एकही खोडलेला नव्हता.

यंदा ताईचा कागद भावाच्या अक्षरात होता. पाच महिन्यांपूर्वी तिच्या मेंदूला झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि शब्दांची दावण सुटली. मनात नाव लख्ख असायचं, ओठांवर भलतंच येऊन उभं राहायचं. तीस वर्षं छापखान्यात बसून दुसऱ्यांच्या चुका काढलेली बाई पाणी हवं असलं की 'किल्ली' मागायची. अंदाज सांगतानाही ती एकेक नाव खोल आडातून ओढावं तसं ओढत होती, आणि वर येईल ते भावानं मुकाट्यानं लिहून घेतलं होतं.

"नट," भाचीनं वाचलं. दोघांचंही जुळलं. दिग्दर्शक भावानं नेमका ओळखला, ताई चुकली. संगीताचंही तेच.

"बाबा तीन, आत्या एक. बाबा, कॉलर खाली घ्या, अजून दोन आहेत."

"घेतली," भाऊ म्हणाला आणि आणखी ताठ बसला.

"चित्रपट. 'तेविसावं घर'." भावाचं चुकलं. भाचीनं ताईचा कागद उजेडाकडे धरला. "आत्याचं आहे... 'तेविसावी खुर्ची'."

भाऊ फिस्सकन हसला. "घर काय नि खुर्ची काय, टेकायला जागा मिळाल्याशी मतलब. दे टिक."

ताईही हसली. तिच्या मनात घरच होतं. टिक तिनं घेतली.

"आता नटी. लाँड्रीवालीचं काम केलेल्या बाईला मिळालंय. बाबांचं चुकलं. आत्याचं..." भाची अडखळली. "साबण."

"मग बरोबरच की!" भाऊ लगेच म्हणाला. "लाँड्री म्हटल्यावर साबण आलाच. तीन-तीन. बरोबरी!" बोलता बोलता त्यानं लेकीकडे पाहिलं आणि लेकीनं पापण्या हलकेच मिटून हो म्हटलं.

ती नजर ताईनं पकडली. दवाखान्यात तिच्या डोक्यावरून अशाच नजरा इकडून तिकडे जायच्या.

साबण कुठून आला ते तिलाही ठाऊक नव्हतं. पण तिच्या मनात लाँड्रीवाली कधीच नव्हती. विमान चालवणारीचं काम केलेली नटी होती. तिचा अंदाज होता, तिनं विचार करून केला होता आणि तो चुकला होता. एवढंच तर सांगायचं होतं. एकच शब्द, दोन अक्षरं: चूक.

"बरोबर," ती म्हणाली.

"बघ! तीच म्हणतेय."

ताईनं जोरात मान हलवली. "बरोबर! बरोबर!" तिची मूठ टेबलावर आदळली. कपातला चहा बशीत सांडला.

"हो गं आत्या, बरोबरच," भाची तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली. "तुझा मार्क कोण कापतंय?"

ताई उठली. भाऊ आधाराला पुढे आला, त्याचा हात तिनं बाजूला केला. टेबलाची कड, मग खुर्चीची पाठ, मग भिंत, असं धरत धरत ती कपाटापाशी गेली आणि दाराला दोरीनं बांधलेली लाल पेन्सिल सोडवून आली. गाठ सोडवायला तिला बराच वेळ लागला. कुणी मदतीला गेलं नाही.

तिनं पेन्सिल डाव्या हातात धरली. 'साबण'वरून आडवी रेघ ओढली आणि रेघेच्या टोकाला समासात 'काढून टाका'चं वेटोळं काढलं. छापखान्यात या वेटोळ्यापुढे भल्याभल्या लेखकांचं काही चालायचं नाही. मग तिनं वर्तमानपत्र पुढ्यात ओढलं. लाँड्रीवालीच्या मोठ्या फोटोखाली हरलेल्या चौघींचे छोटे फोटो होते. त्यातल्या विमानवालीभोवती तिनं वाकडातिकडा गोल काढला आणि त्यावर पेन्सिलचं टोक दोनदा आपटलं.

ती पुन्हा कागदाकडे वळली. 'तेविसावी खुर्ची'च्या खाली एकामागून एक टिंबं देत गेली. ही टिंबांची खूण भावाला लहानपणापासून ठाऊक होती. अभ्यासाच्या वह्या तिनंच तपासल्या होत्या त्याच्या. खाली टिंबं म्हणजे, हे असू दे. हे बरोबर आहे.

भाऊ कागदाकडे बघत राहिला. "म्हणजे तुला आत सगळं..."

त्यानं पेन्सिल घेतली, कपाटाशी गेला आणि दहाव्या ओळीत लिहिलं: ताई दोन, मी तीन. मग घसा खाकरून, पूर्वीच्याच खवचट आवाजात म्हणाला, "हरलीस. चारी मुंड्या चीत. म्हणे विमानवाली! तिला कोण देतंय गं?"

ताईचा चेहरा उजळला.

"बरोबर," ती म्हणाली.

भाऊ दचकला. "आता हे बरोबर म्हणजे बरोबर, की..."

ताईनं त्याच्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि कानामागे खोवली.