बिनहाडाची पट्टी

रात्री पाण्यात टाकलेली बटणाएवढी चकती सकाळी रुपयाएवढी झाली होती, आणि चिमट्यात धरून वाकवली तरी तिला चीर पडत नव्हती. एकाहत्तर साली कंचन जळगावच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होती. तिचे मारवाडी जैन सासरे हस्तीमलजी यांच्या पायाचा अंगठा साखरेच्या आजाराने सडत चालला होता. जिलेटिनची पट्टी जनावरांच्या हाडांपासून होते, म्हणून त्यांनी ती लावू दिली नाही. अंगठा कापू या असं डॉक्टर म्हणाले की "बघू" म्हणून विषय टाळत. शेवटी सुनेने नुसत्या रसायनांपासून ही मऊ, ओलसर चकती बनवली.

डॉक्टर त्यांना घेऊन कंचनच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत आले. टेबलावर पिंजरा होता, आत पाठीवरचे केस काढलेला ससा.

"हा कशाला?" हस्तीमलजींनी विचारलं.

"याच्या पाठीवर जखम करून चकती आधी तिथे लावायची, बाबूजी." कंचनला मान वर करवेना. "धुतल्यावरही चकतीत रसायन उरलं असेल, तर जखम चिघळेल."

"मग माझ्याच जखमेवर बघ की."

"सशावर झाल्याशिवाय मी लावू देणार नाही," डॉक्टर म्हणाले.

ससा कोथिंबिरीची काडी खात होता. कंचनने ब्लेड उचललं.



"ठेव ते, बिनणी," हस्तीमलजी सुनेला म्हणाले. "डॉक्टरसाहेब, उद्या अंगठा कापा."