गोधड्यांना ऊन

काल संध्याकाळी हुडहुडी भरली, म्हणून ब्लॉगवर लिहिलं, ‘यंदा ऑक्टोबरातच पुण्यात थंडी आली. गोधड्या काढा.’ खाली निरोपाचं वाक्यही टाकलं. इतकी वर्षं लिहून कुणी चकार शब्द काढत नाही, तर लिहायचं कशाला?

सकाळी गोधडीला ऊन दाखवायला गच्चीवर गेलो, तर दोरीवर जागाच नव्हती. अख्ख्या इमारतीच्या गोधड्या ऊन खात होत्या.

“तुमचं वाचूनच काढल्या सगळ्यांनी,” घामाघूम झालेल्या शेजारच्या निमकरवहिनी म्हणाल्या. “पण थंडी कुठाय? आणि लिहिणं बंद कसलं करताय?”

मी खुशीत घरी आलो. बायकोनं माझ्या कपाळाला हात लावला. “अहो, अंग तर तापानं फणफणलंय!”

“हळू बोल,” मी लॅपटॉप उघडत म्हणालो. “माझे वाचक ऐकतील.”