तरंगता डबा

१९५४ साली कारंज्याच्या जानरावांनी माशांची काचेची पेटी घरी आणली. वाळू-कोळशाच्या मडक्यातून गाळलेलं पाणी तोटीने तिच्यात पडे. पेटी भरली की तोटी बंद करायची म्हणून त्यांची नवी बायको चतुराबाई रोज दुपारी तासभर तिथे बसे. दिवसभरात तेवढाच वेळ तिची पाठ भिंतीला टेके.

सासू रंगूबाईला ते खुपलं. तिने लेकाकडून तोटीला पत्र्याचा पोकळ डबा बसवून घेतला. पाणी चढलं की डबा वर येई आणि तोटी आपोआप बंद होई.

"ऊठ आता, राणीसाहेब! मासे पाहाले आणलं काय तुले या घरात? जातं रिकामं हाय."

आठव्या दिवशी डब्यात पाणी शिरलं, तो बुडाला आणि घरभर पाणी झालं. "फुटकं मेलं!" म्हणत रंगूबाईने तो माळ्यावर भिरकावला. चतुराबाई पुन्हा पेटीपाशी बसू लागली.

पुढे रंगूबाई गेली, जानरावही गेले. घरात सून आली आणि दुपारची पेटीपाशी बसू लागली. तिसऱ्याच दिवशी चतुराबाईंनी माळ्यावरचा डबा काढून झाळ लावून सांधायला नेला.



सुईएवढं छिद्र नेमकं कुठे आहे, हे त्यांना शोधावं लागलं नाही.