सरांबरोबर एक फोटो

"पांढरा कोट घालून या," असं फोटोग्राफरने बजावलं होतं, म्हणून बाई तो घालूनच वृद्धाश्रमाच्या पायऱ्या चढल्या. पेपरात गुरू आणि शिष्येचा फोटो हवा होता.

मेंदूतलं एक प्रथिन चुकीची घडी घेतं, त्याच्या गुठळ्या होतात आणि माणूस स्वतःचं घरही विसरतो. ती घडी मुळात का चुकते, हे बाईंनी शोधून काढलं होतं. म्हणजे शोधनिबंधावर नाव त्यांचं होतं. कल्पना आणि आकडे सरांचे. पण सरांनाच तो आजार झाला आणि बाईंनी सगळं अलगद उचललं. विचारणार कोण?

हाताखालच्या संशोधकांना तो निष्कर्ष पुन्हा काही मिळेना. "हात आहेत की लाकडं?" एवढं म्हणून बाई पुढे गेल्या. आता त्यावर बेतलेलं औषध रुग्णांना देणंही सुरू झालं होतं.

सर खिडकीशी बसले होते. शर्टाची बटणं वरखाली, हनुवटीवर दुधाचा ओघळ.

"आज बोलतायत बरं का," नर्स म्हणाली. "ओळखतील तुम्हाला."

"ओळखून काय दिवे लावणार आहेत?"

बाईंनी सरांचा हात हातात घेतला, डोळ्यांत जमेल तेवढी माया आणली. फोटो झाला. फोटोग्राफर आणि नर्स बाहेर पडताच त्यांनी हात सोडला आणि रुमालाने आपला तळवा पुसला.

"तुमचा शोध माझ्या नावावर गाजतोय, सर," भिंतीशी बोलावं तशा त्या म्हणाल्या. "उद्या सत्कार आहे माझा."

सरांनी त्यांच्या कोटाकडे पाहिलं.

"सिस्टर, बसा जरा. एक गंमत सांगतो."

"सांगा," बाई घड्याळ बघत म्हणाल्या.

"प्रयोगशाळेत माझ्या हाताखाली एक बाई आहे. डोकं यथातथाच, पण हात चलाख. माझ्या टेबलावरचं काही सोडत नाही."

बाई उठता उठता थांबल्या.

"म्हणून तिच्या हाती लागेल असा एक शोध मांडून ठेवलाय. घडी का चुकते त्याचा. आकडे सगळे मनचे, चहा पिता पिता रचलेले. ती छापायला निघाली, की सगळ्यांसमोर पकडतो." सर खुदकन हसले. मग दाराकडे बघत त्यांनी आवाज खाली आणला. "तेवढं तिला सांगू नका हं."