वाळीत टाकलेला सर्व्हर

“ब्लॉक कर त्यांचा तो आख्खा सर्व्हर!” भय्यासाहेब गरजले.

लॅपटॉपवर त्यांची पुतणी इशिता बसली होती. ‘शुद्ध मराठी’ हा सर्व्हर भय्यासाहेबांचा, पण त्यातलं त्यांना काडीचं कळत नसे. पूर्वज दरबारात फडणीस होते, तेव्हा भाषेची फडणिशीही आपलीच, असा त्यांचा समज. उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या घरात बसून रोज सकाळी ते जगाला मराठीचा पाठ देत. या समाजमाध्यमावर कुणा एका कंपनीची मालकी नव्हती. ज्याचा त्याचा सर्व्हर, आणि एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्यावरच्याला खुशाल फॉलो करी. भय्यासाहेबांना चारशे बारा जण फॉलो करत. सगळे पुण्याचे जाणकार, असं ते भेटेल त्याला ऐकवत.

गुन्हा केला होता कुसुमबाईंनी. भैरवगढच्या या निवृत्त शिक्षिका उज्जैनच्या मराठी मंडळींच्या साध्यासुध्या सर्व्हरवर होत्या. त्यांनी लिहिलं होतं, “भय्यासाहेबांचं वाचून आम्ही पण शुद्ध मराठी लिहायची चेष्टा करतो.”

“चेष्टा? माझ्या मराठीची चेष्टा?”

“काका, हिंदीतली चेष्टा. प्रयत्न म्हणायचंय त्यांना. बिचाऱ्या तुमची तारीफ करून राहिल्या आहेत!”

“मग तर मुळीच क्षमा नाही! असली खिचडी बोलणाऱ्यांना दारातसुद्धा उभं करू नये.”

“एकीसाठी सगळ्यांना वाळीत टाकायचं? त्यांचा सर्व्हर ब्लॉक केला की दोन्हीकडचं फॉलो तुटेल. नंतर ब्लॉक काढला तरी आपोआप जुळत नाही. एकदा फॉलो करणाऱ्यांची यादी तर बघा—”

“यादी कसली बघायची? तुटू दे. पीडा गेली!”

इशितानं बटण दाबलं. वा रे बहाद्दर! भय्यासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला, चष्मा लावला आणि सवयीनं आपल्या नावाखालचा आकडा पाहिला. तीन.

“अगं, हे काय? पुण्याचे कुठे गेले?”

“पुण्याचं कधी कुणी नव्हतंच, काका. हे तीन म्हणजे एक मी, एक तुमचंच दुसरं खातं आणि एक जाहिरातवाला. बाकी सगळे कुसुमबाईंकडचे होते.”

भय्यासाहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. उद्याचा पाठ लिहून तयार होता, आणि वाचायला आता कुत्रंही नव्हतं. त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला, दोन-चार बटणं उगाच बडवली, पुन्हा तिच्याकडे ढकलला.

“अगं, मग बघत काय बसलीस? वापस जोड ना त्यांना! कोशिश तर कर!”