जड हायड्रोजनची बाटली

फाटकावरच्या रजिस्टरात ‘भेटीचे कारण’ असा रकाना होता. लेकीने त्यात लिहिलं, ‘चाळीस मिनिटं.’

रखवालदाराने वही स्वतःकडे वळवली. “ताई, वेळ पलीकडच्या रकान्यात. इथे कारण लिहायचं.”

“हेच कारण आहे.”

रखवालदाराने शिक्का मारला. शिक्क्याला कारणाशी काही देणंघेणं नव्हतं.

आत बाप निळा कोट घालून उभा होता. आई जाऊन तीन आठवडे झाले होते. या तीन आठवड्यांत लेक त्याच्याशी चहा, किल्ल्या आणि औषधांचे उरलेले डबे एवढ्याच विषयांवर बोलली होती. बापाला एकच गोष्ट विचारायची होती, आणि ती त्याने काल रात्री जेवताना विचारली होती. शेवटी तिने माझी आठवण काढली का? लेक ताटाकडे बघत म्हणाली होती, “आधी तुम्ही कशापाशी थांबला होतात ते दाखवा. मग सांगते.” आज दुपारच्या गाडीने ती तिच्या घरी परत जाणार होती.

खोलीत दाखवण्यासारखं फारसं नव्हतं. पोलादी नळीचं एक वेटोळं, काट्यांचे दोन मीटर, एक वाल्व्ह आणि एक स्टूल. स्टुलावरची उशी घरची होती, आईने शिवलेली. लेकीने ती बघितली आणि नजर वळवली.

“नळीत पॅलेडियमच्या मिश्रधातूची भुकटी आहे,” बाप म्हणाला. “गार केली की हायड्रोजन पिते, तापवली की सोडते. हायड्रोजन दोन तऱ्हेचा. साधा आणि जड. दिसायला सारखे, आपल्याला कळत नाही. हिला कळतं. साध्याला घट्ट धरते, जडाला जरा सैल. म्हणून जड आधी निघून जातो.”

“आणि तुम्ही काय करता?”

“जड संपतो, साधा सुरू होतो, त्याच्या मधे एखादं मिनिट असतं. तेवढ्यात वाल्व्ह बंद करायचा. हुकलं तर दोघे पुन्हा एकत्र. नऊ दिवसांचं काम पाण्यात.”

“दुसरं कुणी नव्हतं बंद करायला?”

“जोडीदार निवृत्त झाला. त्याच्या जागी आपोआप बंद होणारा वाल्व्ह यायचाय. मंजूर झालाय. फक्त मंजुरीवर सही करणारे पण निवृत्त झाले.”

लेक हसली नाही. “मी दवाखान्यातून फोन केला तेव्हा?”

“जड नुकता यायला लागला होता. वाल्व्ह बंद करायला चाळीस मिनिटं होती.” बापाने मीटरच्या काचेवरून बोट फिरवलं. “डॉक्टर संध्याकाळपर्यंत म्हणाले होते ना.”

“डॉक्टर अंदाजाने म्हणतात, बाबा.”

“हो. पण तीस वर्षं या काट्याबरोबर काढली गं. हा कधी सांगितल्या वेळेच्या आधी आला नाही. मला वाटलं, सगळंच तसं.”

तेवढ्यात मोठे साहेब आले. त्यांनी आधी चेहरा दुःखी केला, तो पुरेसा झाल्यावर अभिमानी केला. “तुमच्या वडिलांसारखी माणसं आता घडत नाहीत. अशा प्रसंगीसुद्धा जागा सोडली नाही! नव्व्याण्णव पूर्णांक आठ टक्के शुद्ध! आमच्याकडे आजवर इतका निघाला नव्हता.” त्यांनी स्वतः कपाट उघडून थर्मासएवढी एक पोलादी बाटली बाहेर काढली.

“याचं काय करणार?” लेकीने विचारलं.

“ज्यांनी मागवला त्यांचा प्रकल्प जरा पुढे ढकललाय. पण काळजी नको, हा खराब होत नाही. कितीही वर्षं ठेवा.” साहेबांनी बाटली तिच्या हातात दिली, घड्याळ पाहिलं आणि ते बैठकीला गेले.

लेकीने बाटली हलवून पाहिली. “रिकामीच वाटते.”

“गॅस आहे. तसंच वाटतं.”

ती बाटली धरून स्टुलावर बसली, त्या उशीवर. बाप समोर उभाच राहिला, हात कोटाच्या खिशात घालून.

“विचारलं तिने,” लेक म्हणाली. “दोनदा.”

बापाने मान हलवली. पुढचं ऐकायचं होतं, आणि नव्हतंही.

“मी सांगितलं, आलेत, खाली गाडी लावताहेत. जागा मिळत नाहीये.”

“मग?”

“म्हणाली, सावकाश लावू दे त्यांना. घाई केली की ठोकतात.”